दाण्यात जस्त हवे, तर झिंक लावणीला नको, कणीस निसवल्यावर (बाहेर पडल्यावर) फवारा

प्रश्न (पेडणे, डिचोली, गोवा): घरच्या उकड्या तांदळात जस्त (झिंक) वाढावे म्हणून काय करावे? दुकानदार लावणीलाच डीएपीत झिंक मिसळायला आणि वरून लोह फवारायला सांगतो.

उत्तर: डीएपीत (स्फुरदाच्या खतात) झिंक मिसळू नका. स्फुरद आणि जस्त एकत्र आले की दोन्ही अडकून बसतात. जमिनीतून झिंक सल्फेट (हेक्टरी २५ किलो) द्यायचे ते माती परीक्षणात जस्त ०.६ पीपीएमच्या (दशलक्ष भागांत ०.६ भाग) खाली असेल तरच, आणि मग दोन-तीन हंगाम पुन्हा नको. त्याने पीक सुधारते, दाण्यातले जस्त फारसे वाढत नाही.

दाण्यासाठी फवारणीच. १६ लिटरच्या पंपाला २१ टक्क्यांचे झिंक सल्फेट ८० ग्रॅम आणि ४० ग्रॅम चुन्याची फडक्यातून गाळलेली निवळी. चुना वगळला तर पाने करपतात, न गाळता घातला तर नोझल तुंबते. पाकिटावर ३३ टक्के लिहिले असेल तर ५० ग्रॅम बस्स. दुप्पट टाका म्हणणाऱ्याचे ऐकू नका. करपलेल्या पानाने दाणा भरत नाही. त्याच पंपात कीटकनाशकही नको.

पहिली फवारणी फुलोरा संपताच, दुसरी ८-१० दिवसांनी दाणा दुधात असताना, दोन्ही दुपारी ४ नंतर. फुलोऱ्यात सकाळी पंप घेऊन शेतात शिरलात तर पळिंज (पोकळ दाणे) वाढेल. सरद (पावसाळी) भाताला पावसाची उघडीप बघूनच फवारा. वायंगणाला (पावसाळ्यानंतरच्या भाताला) ती चिंता नाही. पुन्हा सांगतो: लावणीचे झिंक दाण्यासाठी नव्हे.

लोह फवारूच नका. आपल्या जांभ्या मातीत ते भरपूर आहे आणि फवारलेले दाण्यात फारसे उतरत नाही. पाणथळ शेतात खालच्या पानांवर तपकिरी ठिपके दिसले की दुकानदार झिंक-लोहाची बाटली काढतो. आधी रोप उपटून मुळे बघा. मुळांवर तांबूस थर असेल तर लोह जास्तच झाले आहे, वर आणखी लोह म्हणजे विष. पाणी काढून शेत काही दिवस वापशावर (ओल राहील पण पाणी साचणार नाही असे) आणा.

बियाण्यात डीआरआर धान ४५ ही भाताची जात चांगली: पॉलिश तांदळातही जस्त सुमारे २२ पीपीएम, साध्या जातींत १२ ते १६. खारट खाजनात (खाडीकाठच्या शेतात) मात्र ती नको, तिथे खारे पाणी सोसणारी स्थानिक कोरगूटच. मोरड (उंचावरची जमीन) मोकळी असेल तर नाचणी लावा. १०० ग्रॅममध्ये सुमारे ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम कुठलीही बाटली देणार नाही.

अनुदानाचे खरेदीआधी विभागीय कृषी कार्यालयात विचारा, कृषी कार्ड सोबत न्या. आणि गिरणीवाल्याला पॉलिश कमी करायला सांगा, तांदळातले बरेचसे लोह कोंड्यातच जाते.