‘नुसती एएनएम’ म्हणून हिणवलं जातं तेव्हा

‘एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ हा नर्सिंगचा अभ्यासक्रम) केलंय, पण कुणी नर्स मानतच नाही,’ ही तक्रार घेऊन मुली माझ्याकडे वरचेवर येतात. त्यातल्या एकीबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती आली होती झोप लागत नाही म्हणून. खासगी रुग्णालयात रात्रपाळी, जोडीला फक्त एक मावशी, वरिष्ठ सिस्टर फोनवर. शिरेतून द्यायची जोखमीची औषधंही हिलाच द्यायला सांगत. “नाही म्हटलं तर विचारतात, मग तुला येतं तरी काय?”

तोच प्रश्न मी तिला विचारला, पण खरंच जाणून घ्यायला. थोडा वेळ गप्प बसली. मग गावातल्या आरोग्य उपकेंद्रातल्या प्रशिक्षणाबद्दल बोलू लागली. फ्रीजरमधला आइसपॅक लगेच लसीच्या डब्यात ठेवायचा नाही. बाहेर ठेवून द्यायचा, कानाजवळ हलवून आत पाणी खळखळतंय का ऐकायचं, मगच भरायचा. नाहीतर पेंटाव्हॅलंट ही बाळांना द्यायची लस गोठते आणि वाया जाते. सांगताना तिचे हात आपोआप हलत होते. हे येणाऱ्या मुलीला अर्धवट नर्स म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

तिच्या मनात लाज आणि भीती यांचा गुंता झाला होता. लाज लोकांनी लादलेली. भीती मात्र अगदी रास्त. दोन वर्षांच्या एएनएमचा भर गरोदर मातांची तपासणी, बाळंतपण, लसीकरण, गावातलं आरोग्य यांवर असतो. गंभीर रुग्णांचा वॉर्ड रात्री एकटीने सांभाळायला ते शिक्षण नाही. तिथे हात थरथरले तर तो कमकुवतपणा नव्हे. रुग्णाच्या जिवाची काळजी आहे म्हणूनच ते थरथरतात.

आम्ही एकच वाक्य घोटून घेतलं: “हे मला शिकवलेलं नाही, सिस्टर शेजारी असतील तर मी मदत करते.” आधी मान खाली घालून म्हणाली, मग माझ्याकडे बघून. तेच मेट्रनना, म्हणजे रुग्णालयाच्या मुख्य परिचारिकेला, लेखी द्यायचं ठरलं.

पुढच्या वाटाही बोललो. नोंदणीकृत एएनएमला तीन वर्षांच्या जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) या पदविकेला प्रवेश मिळू शकतो, त्यानंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी. ही नर्सिंगची पदवी आहे. पण घरी पैशाची ओढाताण असल्याने तिला आत्ता शिकायचं नव्हतं, आणि मीही आग्रह धरला नाही. तिला उपकेंद्रात काम हवं होतं. आरोग्य सेविकेच्या जागेसाठी अर्ज करणार म्हणाली. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण राहिलं होतं. ते आधी उरकून घे, एवढंच सांगितलं.