चवळीवरच्या काळ्या अळ्या

प्रश्न : परसातल्या चवळीवर काळा मावा आलाय. त्यातच नारिंगी ठिपक्यांच्या काळ्या, खरबरीत अळ्या फिरतात. काय फवारू?

उत्तर : ताई, आधी पंप खाली ठेवा! त्या अळ्या ढालकिड्याच्या, म्हणजे लेडीबर्डच्या. पान उलटा, पिवळी, उभी अंडी घोळक्यानं चिकटलेली सापडतील. अळी एकेक मावा धरून चघळते. पुढे ढालकिडा होऊनही तेच खाणं. बंदोबस्त करायचाच तर मुंग्यांचा करा. माव्याच्या गोड चिकट्यापायी त्या ढालकिड्यांना हुसकावतात.

१८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणलेला यांचाच भाऊबंद क्रिप्टोलिमस आज द्राक्षबागेत पिठ्या ढेकणावर सोडतात. त्याची अळी इतकी पांढरी, मेणचट, की पिठ्या ढेकूणच समजून लोक चिरडतात.

वांग्याच्या पानाची जाळी करणारा अठ्ठावीस ठिपक्यांचा ढालकिडा मात्र खुशाल वेचून मारा.