टेक्सास सिनेट, २५ जून २०१३: एका सदस्याच्या भाषणाने विधेयक कसे अडले?

अमेरिकेतील एखाद्या राज्याच्या सिनेटमध्ये एकच सदस्य दिवसभर उभा राहून बोलतो आणि त्यामुळे विधेयक बारगळते, हे नियमांत कसे बसते, आणि आपल्या विधान परिषदेत असे का होत नाही, असा आपला प्रश्न आहे. नियमांची यादी देण्यापेक्षा टेक्सासच्या सिनेटमधील एक दिवस तासागणिक पाहिला तर उलगडा अधिक चांगला होईल, म्हणून तोच मार्ग घेतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. टेक्सासच्या सिनेटमध्ये ३१ सदस्य असतात. पीठासीन अधिकारी असतो तो राज्याचा लेफ्टनंट गव्हर्नर. तो सिनेटचा सदस्य नसतो, साऱ्या राज्यातील मतदार त्याला थेट निवडून देतात. नियमित अधिवेशन विषम वर्षाच्या जानेवारीत सुरू होते आणि जास्तीत जास्त १४० दिवस चालते. त्यानंतर विशेष अधिवेशन फक्त गव्हर्नर बोलावू शकतो, त्याचे विषयही तोच ठरवतो आणि त्याला ३० दिवसांची मर्यादा राज्यघटनेनेच घातलेली आहे. शेवटच्या दिवशी मध्यरात्रीचे बारा वाजले की मंजूर न झालेले प्रत्येक विधेयक संपते. ते पुढील अधिवेशनात नेता येत नाही, नव्याने मांडून सगळे टप्पे पुन्हा पार करावे लागतात. आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या एका तरतुदीत आहे.

एरवीचा दिवस शांत असतो. हजेरी घेतली जाते, दोन तृतीयांश सदस्य उपस्थित आहेत याची खात्री होते, प्रार्थना होते, अभिनंदनाचे आणि शोकप्रस्ताव येतात, प्रतिनिधिगृहाकडून आलेले निरोप वाचले जातात, नवी विधेयके समित्यांकडे जातात. त्या काळी एखादे विधेयक क्रम सोडून चर्चेला घ्यायचे तर दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागत असे आणि तसे करण्याची प्रथाच पडलेली होती, त्यामुळे ११ सदस्य एकत्र राहिले तर ते काहीही रोखू शकत. २०१३ च्या त्या विशेष अधिवेशनात लेफ्टनंट गव्हर्नर डेव्हिड ड्यूहर्स्ट यांनी ही प्रथा बाजूला ठेवली आणि साध्या बहुमतावर काम चालवले. अल्पमतातील सदस्यांच्या हाती त्यानंतर एकच साधन उरले: बोलत राहणे.

वादाचे विधेयक होते ‘सिनेट बिल ५’. गर्भपातावर वीस आठवड्यांची मर्यादा घालणे आणि गर्भपात करणारी केंद्रे व तेथील डॉक्टर यांच्यावर कडक अटी लादणे, हा त्याचा गाभा. प्रतिनिधिगृहाने २४ जूनला ते दुरुस्त्यांसह परत पाठवले. सिनेटच्या नियमांनुसार अशा दुरुस्त्या सदस्यांच्या हाती पडून एक दिवस उलटल्याशिवाय त्यांच्यावर मत घेता येत नाही, म्हणून विषय पुकारला गेला तो २५ जूनला सकाळी अकरानंतर. अधिवेशनाचा तो अखेरचा दिवस होता.

फोर्ट वर्थच्या सदस्या वेंडी डेव्हिस अकरा वाजून अठरा मिनिटांनी उभ्या राहिल्या. बारा वाजेपर्यंत, म्हणजे जवळजवळ तेरा तास, त्यांना बोलणे भाग होते. सिनेटचे नियम येथे फार कठोर आहेत, आणि वॉशिंग्टनच्या, म्हणजे देशपातळीवरील सिनेटपेक्षा बरेच वेगळे. बसायचे नाही, टेबलाला किंवा खुर्चीला टेकायचे नाही, खायचे-प्यायचे नाही, स्वच्छतागृहात जायचे नाही. शिवाय विषय सोडून बोलायचे नाही. वॉशिंग्टनमध्ये पाककृती वाचून वेळ काढल्याचे किस्से आपण ऐकतो, ते टेक्सासच्या राजधानीत, ऑस्टिनमध्ये, चालत नाही. इतर सदस्य प्रश्न विचारू शकतात, आणि तेवढ्याने घशाला विसावा मिळतो, पायांना मिळत नाही. विधेयकाच्या समर्थकांना हरकतीचा मुद्दा उपस्थित करता येतो. तो तीनदा मान्य झाला की सदस्याला खाली बसवायचे की नाही हे सभागृह ठरवते. याच सभागृहात १९७७ साली बिल मायर यांनी ४३ तास भाषण केले होते, त्यामुळे परंपरा जुनी आहे. स्वतः डेव्हिस यांनीही २०११ मध्ये शाळांच्या निधीतील कपातीविरुद्ध हाच मार्ग घेतला होता.

त्या दिवशी त्यांनी पायात गुलाबी रंगाचे धावण्याचे बूट घातले होते आणि समोर कागदांचा मोठा गठ्ठा होता. त्यात आधीच्या समितीच्या सुनावणीत ज्यांना बोलायला मिळाले नाही अशा स्त्रियांची निवेदने होती, आणि त्यातील काही वाचताना त्यांचा आवाज दाटून येत होता. केवळ वेळ काढण्यासाठी केलेले भाषण असे त्याला म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ज्यांचे म्हणणे इतिवृत्तात आले नसते, ते त्या तासांमुळे इतिवृत्तात आले.

पहिली हरकत संध्याकाळी मान्य झाली. डेव्हिस ‘प्लॅन्ड पॅरेंटहुड’ या संस्थेच्या अनुदानावर बोलत होत्या आणि ते विषयाला धरून नाही असे ठरले. दुसरी हरकत शब्दांवर नव्हतीच: सहकारी रॉडनी एलिस यांनी त्यांना पाठीचा पट्टा बांधायला मदत केली, ती बाहेरची मदत ठरली, आणि त्यावर चक्क मतदान झाले. तिसरी रात्री दहाच्या सुमारास आली. गर्भपातापूर्वी सोनोग्राफी सक्तीची करणाऱ्या २०११ च्या कायद्याचा उल्लेख डेव्हिस यांनी केला होता, आणि तोही विषयबाह्य ठरवला गेला. एकाच प्रक्रियेवरील जुना कायदा नव्या कायद्याच्या चर्चेत विषयबाह्य कसा, हे मला आजही पटत नाही. पहिल्या दोन निर्णयांबद्दल मतभेद समजू शकतात, तिसऱ्याचे समर्थन करणे अवघड आहे.

पुढचे दोन तास मात्र खऱ्या अर्थाने संसदीय कौशल्याचे होते, आणि आपल्यासारख्या कामकाज शिकू पाहणाऱ्याने तेच लक्षपूर्वक पाहावेत. डेव्हिस यांचे भाषण थांबले होते, पण मतदान अजून झाले नव्हते. सदस्य कर्क वॉटसन यांनी पीठासीन अधिकाऱ्यांच्या निर्णयावर अपील केले. आपल्याकडे सभापतींचा निर्णय अंतिम असतो. तेथे त्यावर सभागृहाचे मत मागता येते, आणि अपिलाची चर्चा चालू असताना ड्यूहर्स्ट यांनी आसन सोडून ते रॉबर्ट डंकन यांच्याकडे सोपवले. त्यानंतर नियमांविषयीच्या विचारणांची मालिकाच लागली: आधी कोणता प्रस्ताव आला, कोणाला मान्यता मिळाली, आता नेमके कशावर मत घेतले जात आहे. प्रत्येक विचारणा नियमाला धरून होती आणि प्रत्येकीने काही मिनिटे जात होती. वडिलांच्या अंत्यसंस्काराहून त्याच दिवशी परतलेल्या सदस्या लेटिशिया व्हॅन डी प्यूट यांनी शेवटी विचारले की, सभागृहातील पुरुष सहकाऱ्यांच्या आधी दखल घेतली जावी यासाठी महिला सदस्याने हात किंवा आवाज नेमका केव्हा वर करायचा. तेव्हा बारा वाजायला साधारण पंधरा मिनिटे होती. प्रेक्षक सज्जातून जो जल्लोष उठला तो थांबलाच नाही. खाली सदस्यांची नावे पुकारली जात होती आणि ती कोणाला ऐकू येत नव्हती. ‘टेक्सास ट्रिब्यून’ या वृत्तसंस्थेच्या थेट प्रक्षेपणावर दीड लाखाहून अधिक लोक हे पाहत होते.

मतदान झाले, १९ विरुद्ध १०. पण कधी झाले? सिनेटच्या संकेतस्थळावर प्रथम २६ जून ही तारीख दिसली, मग ती बदलून २५ जून करण्यात आली. तोवर अनेकांनी आधीच्या पानाची छायाचित्रे जपून ठेवली होती. सदस्यांची बंद दाराआड बैठक झाली आणि पहाटे तीनच्या सुमारास ड्यूहर्स्ट यांनी जाहीर केले की, अधिवेशनाची मुदत संपल्यामुळे विधेयकावर सही करता येत नाही. राज्यघटनेनुसार ही सही सभागृहासमक्ष व्हावी लागते. विधेयक संपले. त्या दिवसातील सर्वांत गंभीर घटना माझ्या मते हीच आहे, भाषण किंवा जल्लोष नव्हे. सभागृहाचे सारे अधिकार ज्या नोंदीवर उभे असतात, ती नोंद बदलली गेली, आणि ती पूर्ववत झाली कारण लोक जागे राहून पाहत होते.

भाषणाने कायदा कायमचा अडला असे मात्र नाही. गव्हर्नर रिक पेरी यांनी लगेच दुसरे विशेष अधिवेशन बोलावले. तीच तरतूद ‘हाउस बिल २’ म्हणून जुलैमध्येच मंजूर झाली, कारण या वेळी समोर मुदतीचा अखेरचा दिवस नव्हता. त्यातील दोन प्रमुख अटी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१६ मध्ये ५ विरुद्ध ३ मतांनी रद्द केल्या.

आता विधान परिषदेविषयी. आपल्याकडे असे भाषण नियमांनी अडते हे खरे आहे: वेळ पक्षनिहाय वाटलेली असते, सभापती भाषण थांबवू शकतात, चर्चा संपवण्याचा प्रस्ताव येऊ शकतो. पण मूळ कारण त्याहून खोल आहे. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १९६ नुसार सत्रसमाप्तीमुळे प्रलंबित विधेयक व्यपगत होत नाही, म्हणजे आपोआप संपत नाही, त्यामुळे कोणी रात्रभर बोलले तरी ते विधेयक पुढील अधिवेशनात तसेच समोर येते. शिवाय अनुच्छेद १९७ प्रमाणे परिषद विधेयक पहिल्या वेळी तीन महिने आणि विधानसभेने ते पुन्हा मंजूर केल्यावर एक महिना, एवढेच रोखू शकते. टेक्सासचे सिनेट प्रतिनिधिगृहाच्या बरोबरीचे आहे. त्याच्या संमतीवाचून काहीच पुढे जात नाही. अडवण्याची ताकद तेथून येते.

मूळ कामकाज पाहायचे असेल तर सिनेटचे अधिकृत इतिवृत्त आणि त्या दिवसाचे चित्रमुद्रण शेजारी ठेवावे. सकाळचा भाग भरभर पुढे न्यावा, तिसऱ्या हरकतीपासून मात्र एकही मिनिट सोडू नये. एवढा एक बदल ध्यानात ठेवावा की दोन तृतीयांशाचा नियम आता तेथे राहिलेला नाही: २०१५ मध्ये तो तीन पंचमांशावर आणि २०२१ मध्ये पाच नवमांशावर, म्हणजे १८ सदस्यांवर, आणला गेला.