‘लुकिंग फॉरवर्ड टू’च्या पुढे काय लिहायचं?

तुम्ही तपासायला पाठवलेला इंग्रजी मेल वाचला. इंग्रजी चांगलं आहे, उगाच घाबरू नका. फक्त शेवटचं वाक्य बदला. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ असं नाही, ‘टू मीटिंग यू’ असं हवं, म्हणजे ‘तुमच्या भेटीची उत्सुकतेने वाट बघतोय’.

इथेच बहुतेकांची गाडी अडते, कारण शाळेत ‘टू’ नंतर मूळ क्रियापद असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण हा ‘टू’ वेगळा, शब्दयोगी अव्ययासारखा. त्याच्यापुढे नाम चालतं, नाहीतर ‘आयएनजी’वालं रूप. शंका आली की तिथे नाम घालून बघा: ‘लुकिंग फॉरवर्ड टू युवर रिप्लाय’ बरोबर बसतं ना? मग क्रियापदही नामासारखं करूनच घ्या: ‘टू हिअरिंग फ्रॉम यू’.

आणखी दोन चुका सर्रास दिसतात:
- ‘टू’ऐवजी ‘फॉर’ लिहिणं.
- ‘टू’ गाळून थेट ‘लुकिंग फॉरवर्ड मीटिंग यू’.

‘आय लुक फॉरवर्ड’ जरा औपचारिक, ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड’ थोडं मोकळं. अर्जात पहिलं बरं दिसतं, पण दुसऱ्याने काही नोकरी जात नाही. आधी हे एक वाक्य रोजच्या मेलमध्ये वापरा.