परदेशातून येऊन गोव्यातली आपली मूळ गावं गाडीने बघायला किती दिवस हवेत?

दोन दिवस पुरतात. फक्त कुलदैवताचं आजचं देऊळ म्हणजेच मूळ गाव असं धरून चालू नका. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडू लागले तेव्हा देव जुवारी नदीपलीकडे फोंड्याच्या बाजूला हलवले: मंगेश कुठ्ठाळीहून (१५६०), शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून. म्हणून पहिला दिवस फोंड्यात (मंगेशी-म्हार्दोळ तर जेमतेम किलोमीटरभर), दुसऱ्या दिवशी बोरीच्या पुलावरून लोटली, वेर्णे, केळशी, कुठ्ठाळी. मी फोंड्याचाच, पाहुण्यांना असंच फिरवतो. गाडी स्वतः चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना आणा आणि काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच भाड्याची गाडी घ्या. खासगी नंबरची स्वस्त मिळते, पण पोलिसांनी अडवलं की बचत तिथेच संपते.