जुनी जावा घेतोयस? आधी धूर बघ

म्हैसूरच्या कारखान्यात बनलेली जुनी जावा २५० मोटारसायकल घेताना रंगाला भुलू नकोस. इंजिन चांगलं तापू दे. तरीही दाट पांढरा धूर येत असेल आणि गिअर ऑइल कमी होत असेल, तर क्लचकडचं क्रँक सील (क्रँकशाफ्टच्या टोकाची रबरी रिंग) गेलंय. ते ऑइल सिलिंडरमध्ये जळतंय. दुसऱ्या बाजूचं गेलं असेल तर बाहेरची हवा ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल-ऑइल कमी पडतं आणि आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) आपोआप चढतं. अशी गाडी बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोर्ला घाटात घातलीस तर पिस्टन सीझ होईल, म्हणजे तापून अडकेल. दोन्ही सीलं एकदमच बदल.

पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं ऑइल), कॅनमध्ये हलवूनच टाकीत ओत. पॉइंटचं (ठिणगी पाडणाऱ्या इग्निशनच्या संपर्कांचं) अंतर ०.४ मिमी, खानापूरकडच्या पावसात भिजली की कव्हर काढून पुसायचेच. कोल्हापूर पासिंग, म्हणजे महाराष्ट्रात नोंदलेली गाडी कर्नाटकात आणायची असेल तर आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) आधी, पैसे नंतर.