गिटशिवाय दुसरे काय? मुक्त सॉफ्टवेअर करणाऱ्यांचे प्रश्न

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीभोवती आहेत: मुक्त प्रकल्पाचा कोड सांभाळायला गिटऐवजी (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारी प्रणाली) दुसरे काही घ्यावे का? माझे मत आधीच सांगतो. नव्या माणसाला तुमच्या प्रकल्पात किती सहज शिरता येते आणि तुमचा सगळा इतिहास उद्या दुसरीकडे किती सहज नेता येतो, हे पाहून साधन निवडावे. बाकीच्या गोष्टी नंतर.

रिबेस करताना माझे काम गायब झाले. आता गिटची भीतीच बसली आहे. सोपे काही आहे का? (विद्यार्थिनी, फर्मागुडी)

रिबेस म्हणजे आपले बदल नव्या पायावर पुन्हा रचणे. आधी काम परत मिळवा. कमिट केले, म्हणजे बदलांची नोंद गिटमध्ये पक्की केली असेल तर ते बहुधा तुमच्याच संगणकावर आहे. ‘गिट रिफलॉग’ चालवा, रिबेसच्या आधीची नोंद शोधा आणि तिथून नवी ब्रँच (कामाची वेगळी शाखा) काढा. मागे राहिलेल्या अशा कमिटच्या नोंदी गिट साधारण ३० दिवस ठेवते, म्हणून आजच बसा.

ते झाले की जुजुत्सू (कमांडमध्ये ‘जेजे’) ही प्रणाली शिका. गूगलमधल्या मार्टिन फॉन झ्वाइगबर्क यांनी २०१९ मध्ये ते सुरू केले. यात तुम्ही ज्या फाइलींवर काम करता त्याच एक कमिट असतात. गिटमधली स्टेजिंगची, म्हणजे कमिटसाठी बदल निवडून ठेवण्याची, मधली पायरी नाही. प्रत्येक कृतीची नोंद राहते आणि ‘जेजे अनडू’ म्हटले की रिबेससुद्धा मागे फिरतो. कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच जागी दोन न जुळणारे बदल, आला तरी काम अडत नाही. तो कमिटमध्येच राहतो, सवडीने सोडवता येतो. एक सवय मात्र लावा: फाइलींची नोंद जेजेची एखादी कमांड चालवली की होते, त्यामुळे लिहिता लिहिता अधूनमधून ‘जेजे स्टेटस’ द्या. सर्वांत मोलाचे हे की खालची साठवण गिटचीच असते. तुमच्या गटातल्या कुणालाही आपली पद्धत बदलावी लागत नाही.

आम्ही तिघे ग्रंथालयासाठी मुक्त सॉफ्टवेअर लिहितो. पावसात सत्तरी तालुक्यात नेट गेले की कोड हाताशी असतो, पण चुकांची यादी आणि चर्चा संकेतस्थळावर अडकते. (वाळपई)

तुमच्यासाठी फॉसिल ही प्रणाली आहे, आणि हे मी अगदी मनापासून सांगतो. एसक्यूलाइट हा डेटाबेस लिहिणाऱ्या रिचर्ड हिप यांनी ते बनवले. एसक्यूलाइटचा स्वतःचा कोडही फॉसिलमध्येच आहे. कोड, तिकिटे (चुकांच्या नोंदी), विकी आणि चर्चा हे सगळे एकाच फाइलीत बसते, आणि ती फाइल म्हणजे एसक्यूलाइटचा डेटाबेस. क्लोन (पूर्ण नक्कल) केले की प्रत्येकाकडे सगळेच येते. ‘फॉसिल यूआय’ म्हटले की नेट नसतानाही ब्राउझरमध्ये तिकिटे उघडतात, नवी लिहिता येतात. पेन ड्राइव्हवर नेली तरी ती फाइल पूर्ण आहे.

फॉसिल कमिट करताना आपणहून सर्व्हरशी जुळवायला जाते. पावसाळ्यात ही ऑटोसिंकची सोय बंद ठेवा आणि नेट आले की हाताने सिंक करा. इतिहास पुसून नीटनेटका करण्याची मुभा त्यात जवळजवळ नाही; छोट्या, एकमेकांना ओळखणाऱ्या गटाला तेच बरे. अनोळखी माणसांचे पॅच (सुचवलेले बदल) भराभर यावेत असे वाटत असेल तर मात्र फॉसिल तोकडे पडेल. तेव्हा ‘फॉसिल गिट एक्स्पोर्ट’ने गिटवर आरसाप्रत ठेवता येते.

आम्ही मराठी शुद्धलेखन तपासणीसाठी शब्दसूची करतो. गिट मराठी नावांच्या फाइली आकड्यांत दाखवते आणि न बदललेल्या ओळीही बदललेल्या म्हणून पुढे करते. मराठीला मानवणारी प्रणाली कोणती? (फोंडा)

प्रणाली बदलू नका. पहिली तक्रार एका सेटिंगची आहे: ‘कोअर.कोटपाथ’ला ‘फॉल्स’ करा, नावे देवनागरीत दिसतील.

दुसरी खोल आहे. ‘किनाऱ्यावर’ हा शब्द घ्या. त्यातला ऱ युनिकोडमध्ये एक अक्षर म्हणून लिहिता येतो, किंवा र आणि नुक्ता असा जोडून. काही कळफलक र, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरतात. पडद्यावर फरक क्वचितच जाणवतो, पण गिट बाइट पाहते, आणि बाइट वेगळे असतात. फॉसिल किंवा मर्क्युरियल या दुसऱ्या प्रणालींकडे गेलात तरी हेच होणार. उपाय असा: कमिटच्या आधी चालणारी छोटी स्क्रिप्ट लावा. युनिकोडचे एनएफसी हे प्रमाण रूप पहिल्या दोन प्रकारांना एक करते. जोडकाचा तिसरा प्रकार तुम्हालाच नियम लिहून बदलावा लागेल. हे पहिल्या दिवशी केले तर पुढची कित्येक वर्षे सुखाची जातात, म्हणून त्यावर एवढे लिहिले. आणि ओळीला एकच शब्द, क्रमाने लावलेला ठेवा; सगळेच शेवटी भर घालत गेले की कॉन्फ्लिक्ट होणारच.

शिगमोवर मुक्त गेम करतोय. चित्ररथांच्या ब्लेंडर (त्रिमितीय चित्रांचे सॉफ्टवेअर) फाइली फार मोठ्या आहेत. (म्हापसा)

चित्रांसाठी सबव्हर्जन ही प्रणाली, कोडसाठी गिट. दोघांनी एकच ब्लेंडर फाइल बदलली तर ती मर्ज (एकत्र) होत नाही, म्हणून कुलूप, म्हणजे एक जण बदलत असताना दुसऱ्याला थांबवण्याची सोय, लागते. ते सबव्हर्जनमध्ये मुळातच आहे. हवा तेवढाच फोल्डरही उतरवता येतो. ब्लेंडरच्या स्टुडिओनेही आपल्या चित्रपटांसाठी ते वापरले आहे. दोन प्रणाली नको असतील तर गिट एलएफएस या मोठ्या फाइलींसाठीच्या जोडणीतही कुलूप मिळते.

पिहूल कसे आहे? (मडगाव)

ही प्रणाली शिकायला सुंदर. २००३ च्या डार्क्स या प्रणालीने मांडलेला विचार, म्हणजे प्रकल्प हा स्वतंत्र पॅचचा संच, त्यात पुढे नेला आहे. दहा जणांचे काम त्यावर मात्र आज टाकू नका.

आमचा जुना प्रकल्प मर्क्युरियलमध्ये आहे. हलवावा का? (पणजी)

मर्क्युरियल आणि गिट दोन्ही एप्रिल २००५ मधली, बिटकीपर या व्यापारी प्रणालीची मोफत सोय लिनक्सवाल्यांकडून गेली तेव्हाची. मर्क्युरियल आजही चालते, आणि त्याच्या कमांड मला गिटपेक्षा समजूतदार वाटतात. पण पायथन २०१७ मध्ये गिटवर गेले, बिटबकेट या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाने २०२० मध्ये मर्क्युरियल थांबवले, फायरफॉक्सही २०२५ मध्ये गिटवर आले. नवे हात हवे असतील तर हलवा. नको असतील तर सोर्सहट किंवा हेप्टापॉड या संकेतस्थळांवर निवांत राहा.

हलवताना दोन गोष्टी जपा. मर्क्युरियलमध्ये ब्रँचचे नाव कमिटमध्येच कोरलेले असते, गिटमध्ये नसते. म्हणून रूपांतराच्या वेळी ते संदेशात उतरवून घ्या. कमिटचे जुने क्रमांकही बदलतील. जुन्या-नव्या क्रमांकांची जोडयादी नव्या रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) ठेवा, आणि जुनी रिपॉझिटरी फक्त वाचण्यासाठी उघडी राहू द्या.